संधिवाताच्या संशोधनाला देणगी द्यायचीय? आधी एवढं बघून घ्या

मला रुमेटॉइड आर्थरायटिस (संधिवाताचाच एक प्रकार) निघून बरीच वर्षं झाली. सुरुवातीला सकाळी उठल्यावर तास दीड तास बोटं वळायचीच नाहीत, टूथपेस्टचं झाकण दातांनी उघडायचे, कुणी हसत हात पुढे केला तरी धडकी भरायची. मग एक इंजेक्शन सुरू झालं आणि दोनेक महिन्यांत फरक पडला. हे औषध आलं कुठून म्हणून सहज वाचायला घेतलं तर कळलं की त्याच्या मुळाशी जे काम आहे त्याला बराच काळ धर्मादाय संस्थांनी पैसा पुरवला होता, म्हणजे लोकांनी दिलेल्या छोट्या मोठ्या देणग्या. वाटलं आपण पण द्यावं काहीतरी.

आणि पहिलीच देणगी चुकली. संस्थेचं नाव भारदस्त, त्यात 'आर्थरायटिस' पण होतं आणि 'रिसर्च' पण होतं, मी फार विचार न करता पैसे पाठवले. वर्षभराने सहज त्यांचा हिशोब उघडला तर बहुतेक खर्च पत्रकं छापून घरोघरी पाठवण्यावर, आणि त्या पत्रकांत काय, तर नियमित चाला, वजन आटोक्यात ठेवा आणि खाली देणगीचा फॉर्म. संशोधनासाठी दिलेली रक्कम शोधायला हिशोबाच्या शेवटच्या टिपांपर्यंत जावं लागलं. फसवणूक म्हणता येणार नाही हो, कायद्याने सगळं बरोबर होतं. मीच बघितलं नव्हतं. त्यानंतर जे जे शिकले ते इथे क्रमाने लिहितेय, नवीन माणसाला तरी सोपं जाईल.

काय काय लागेल ते आधी:

- संस्थेचं कायदेशीर नाव आणि नोंदणी क्रमांक (जाहिरातीतलं नाव आणि कायदेशीर नाव पुष्कळदा वेगळं असतं)
- मागच्या तीन ते पाच वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब
- संस्थेने मंजूर केलेल्या ग्रँट्सची, म्हणजे संशोधनासाठी दिलेल्या अनुदानांची यादी
- तुमची स्वतःची टॅक्सची माहिती, सवलत घ्यायची असेल तर
- एक वही किंवा साधी एक्सेल शीट
- आणि एक निवांत दुपार, घाईत हे होत नाही

१. कुठल्या संधिवातासाठी देताय ते ठरवा

संधिवात हा एक आजार नाहीये. शंभरावर प्रकार आहेत, आणि त्यांची कारणं एकमेकांपासून इतकी लांबची आहेत की एकावरच्या संशोधनाचा दुसऱ्याला उपयोग होईलच असं नाही. गुडघ्याची, हाताची झीज होते तो ऑस्टिओआर्थरायटिस. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो रुमेटॉइड. गाउट म्हणजे युरिक ॲसिडचे खडे. मणका आखडतो तो अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, सोरायसिससोबत येतो तो वेगळा, आणि लहान मुलांना होतो तो जुवेनाइल आर्थरायटिस, ज्याच्याबद्दल लोक अजूनही 'एवढ्या लहान वयात कसा होईल' असं विचारतात.

आकडे बघितले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे ५२.८ कोटी लोकांना ऑस्टिओआर्थरायटिस होता आणि रुमेटॉइड सुमारे १.८ कोटींना. आता गंमत बघा, रुमेटॉइडला आज एकापेक्षा एक औषधं आहेत जी आजाराची चालच रोखतात, पण ऑस्टिओआर्थरायटिसची झीज थांबवणारं मान्यता मिळालेलं एकही औषध अजून नाही. दुखणं कमी करायचं, व्यायाम करायचा, नाहीच जमलं तर सांधा बदलायचा. त्यामुळे 'जास्त लोकांना आहे ते' म्हणून द्यायचं, 'मला आहे ते' म्हणून द्यायचं, की 'लहान मुलांसाठी' म्हणून, हे तुमचं तुम्ही ठरवा. कुठलंच उत्तर चुकीचं नाही. फक्त ठरवा, कारण नुसतं 'संधिवातासाठी' म्हणून दिलेला पैसा संस्थेला वाटेल तिकडे जातो.

२. 'संशोधन' म्हणजे नेमकं कशाला पैसे लागतात ते समजून घ्या

मला आधी वाटायचं संशोधन म्हणजे पांढरा कोट घातलेला माणूस आणि परीक्षानळी. प्रत्यक्षात धर्मादाय पैसा जातो तो साधारण या गोष्टींकडे: प्रयोगशाळेतलं मूलभूत काम, पीएचडीच्या विद्यार्थ्याची तीन चार वर्षं, तरुण शास्त्रज्ञाची फेलोशिप, रुग्णांवरची चाचणी, आणि रक्ताचे, सांध्याच्या अस्तराचे नमुने सांभाळून ठेवणाऱ्या बँका. प्रत्येकाचं फळ वेगवेगळ्या वेळी येतं. चाचणीचा निकाल चार पाच वर्षांत हाती येऊ शकतो, मूलभूत कामाला वीस वर्षंही लागतात आणि कधी कधी काहीच येत नाही.

माझ्या इंजेक्शनची गोष्ट सांगते म्हणजे कळेल. लंडनला १९६० च्या दशकात केनेडी इन्स्टिट्यूट ऑफ रुमेटॉलॉजी सुरू झाली, ती एका कुटुंबाच्या धर्मादाय ट्रस्टच्या पैशातून, आणि पुढे तिला ब्रिटनच्या आर्थरायटिस चॅरिटीकडून वर्षानुवर्षं अनुदान मिळत राहिलं. तिथे मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटाने रुमेटॉइड असलेल्या लोकांच्या सांध्याचं सुजलेलं अस्तर घेतलं, तेच जे ऑपरेशनमध्ये काढून फेकून देतात, त्यातल्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यात टीएनएफ नावाच्या एका रेणूला अडवणारी अँटिबॉडी घातली. तर नुसता टीएनएफच नाही, सूज वाढवणारा दुसरा एक रेणू पण खाली आला. हे १९८९ मध्ये छापून आलं. त्यावेळी बऱ्याच जणांचं म्हणणं असं की अहो असे डझनभर रेणू आहेत, एक अडवला तर दुसरा त्याचं काम करेल. पण या लोकांनी धरून ठेवलं, एका कंपनीकडे रक्तातल्या जंतुसंसर्गासाठी बनवलेली अँटिबॉडी होती ती मिळवली आणि १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये वीस रुग्णांना दिली. पुढे १९९४ मध्ये प्लासिबोसोबत (औषध नसलेला, दिसायला तसाच डोस) तुलना करून परत तेच दिसलं. अमेरिकेत रुमेटॉइडसाठी ते औषध, इन्फ्लिक्सिमॅब, १९९९ मध्ये मंजूर झालं.

म्हणजे ज्या बाईने १९७० च्या आसपास त्या चॅरिटीच्या डब्यात नाणं टाकलं असेल तिला तिच्या हयातीत बहुतेक काहीच दिसलं नसणार. आणि अजून एक, केनेडी इन्स्टिट्यूटशी जोडलेल्या केनेडी ट्रस्टला नंतर या शोधाच्या पेटंटमधून रॉयल्टी मिळाली आणि ती परत संशोधनातच लावली जाते, हे मला फार आवडतं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण पण माहीत असू द्या. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे जुनं, स्वस्त औषध, हाताच्या ऑस्टिओआर्थरायटिसला काही डॉक्टर अंदाजाने देत होते. पेटंट कधीच संपलेलं, त्यामुळे कुठली कंपनी त्यावर चाचणीचा खर्च करणार? आर्थरायटिस रिसर्च यूकेने (वर आली तीच ब्रिटिश चॅरिटी) पैसे दिले, २४८ लोकांवर वर्षभर चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला: प्लासिबोपेक्षा काहीही फायदा नाही. पैसे वाया गेले का? मला नाही वाटत. हजारो लोकांच्या पोटात उगाच जाणारी गोळी थांबली. आणि तशाच एका जुन्या औषधाची, मेथोट्रेक्सेटची, गुडघ्याच्या झिजेसाठी चाचणी झाली, तीही धर्मादाय पैशातून, तिचा निकाल २०२४ मध्ये आला आणि सहा महिन्यांनी दुखणं प्लासिबोपेक्षा थोडं कमी दिसलं. अशा चाचण्या कंपन्या करत नाहीत, आणि म्हणून माझा स्वतःचा कल तिकडे जास्त आहे. तुमचा मूलभूत कामाकडे असेल तर उत्तमच, पण मग घड्याळ बघत बसू नका.

३. संस्था खरी कोण आहे ते तपासा

नावांचा गोंधळ इथे भयंकर आहे. ब्रिटनची ती चॅरिटीच घ्या, १९३६ मध्ये एम्पायर रुमॅटिझम काउन्सिल म्हणून सुरू झाली, मग आर्थरायटिस अँड रुमॅटिझम काउन्सिल, मग आर्थरायटिस रिसर्च कॅम्पेन, मग आर्थरायटिस रिसर्च यूके, आणि आर्थरायटिस केअर या दुसऱ्या संस्थेशी एकत्र होऊन २०१८ मध्ये व्हर्सस आर्थरायटिस. अमेरिकेत आर्थरायटिस फाउंडेशन वेगळी, आर्थरायटिस नॅशनल रिसर्च फाउंडेशन वेगळी, रुमेटॉलॉजी रिसर्च फाउंडेशन अजून वेगळी, आणि तिघींची कामं पण वेगळी. पहिली रुग्णांना मदत, धोरण आणि संशोधन असं सगळंच बघते, दुसरीचा भर तरुण शास्त्रज्ञांच्या ग्रँटवर, तिसरी रुमेटॉलॉजिस्ट डॉक्टरांच्या संघटनेची. म्हणजे तीन शब्द पुढे मागे झाले की पैसे दुसरीकडे.

म्हणून नावावर जायचंच नाही, नोंदणी क्रमांकावर जायचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये चॅरिटी कमिशनचं ऑनलाइन रजिस्टर आहे (स्कॉटलंडचं रजिस्टर वेगळं), अमेरिकेत टॅक्स खात्याकडे संस्थेचा नंबर असतो, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, बहुतेक देशांत असं काहीतरी सरकारी रजिस्टर सापडतं. तिथे नंबर टाका आणि बघा: नाव जुळतंय का, नोंदणी चालू आहे का, हिशोब वेळेवर भरलेत का. हिशोब सतत उशिरा भरणारी संस्था दिसली की मी तरी तिथेच थांबते.

आणि लिंक संस्थेच्या मेलमधून क्लिक करून जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. साधी गोष्ट आहे पण मोठमोठी माणसं इथे फसलीत.

४. हिशोब उघडा (इथेच लोक पळ काढतात)

शंभर पानी पीडीएफ बघून घाबरू नका. पुढची रंगीत पानं, हसरे चेहरे, अध्यक्षांचं पत्र, हे सगळं सोडून द्या. थेट मागे जा जिथे आकडे सुरू होतात, आणि शोधाच्या खिडकीत 'ग्रँट' टाका.

ब्रिटिश हिशोबात धर्मादाय कामांवरचा खर्च एका टिपेत फोडून दिलेला असतो: संशोधन इतकं, रुग्णांना माहिती आणि आधार इतका, प्रचार इतका. अमेरिकेत नऊशे नव्वद नंबरचा फॉर्म असतो, तो सार्वजनिक असतो, फुकट बघता येतो. त्याच्या नवव्या भागात सगळा खर्च तीन रकान्यांत विभागलेला असतो, कामावरचा, कारभारावरचा आणि निधी गोळा करण्यावरचा. आणि शेड्यूल आय नावाच्या जोडपत्रात कुठल्या विद्यापीठाला किती रक्कम दिली त्याची यादी असते. ही यादी म्हणजे सोनं आहे. 'आम्ही संशोधनाला पाठिंबा देतो' असं म्हणणाऱ्या संस्थेच्या यादीत एकही विद्यापीठ किंवा हॉस्पिटल नसेल तर काय समजायचं ते समजा.

आता यातले खड्डे. मी प्रत्येकात एकदा पडलेय.

पहिला, 'कामावरचा खर्च' म्हणजे संशोधन नाही. त्यात जनजागृतीही येते. अमेरिकेत तर देणगी मागणाऱ्या पत्रातच चार ओळी आरोग्याच्या माहितीच्या असल्या की त्या टपालाचा काही खर्च नियमात बसवून 'शिक्षण' म्हणून दाखवता येतो, फॉर्मच्या नवव्या भागात अगदी शेवटी 'जॉइंट कॉस्ट' म्हणून ओळ असते, ती बघा. माझी पहिली देणगी अशाच प्रकारात गेली.

दुसरा, एकाच वर्षाचा आकडा बघून निर्णय. पाच वर्षांची मोठी ग्रँट मंजूर केली की ब्रिटिश संस्था बहुतेकदा ती सगळी रक्कम मंजुरीच्याच वर्षी खर्चात धरतात, पैसे मात्र हप्त्या हप्त्याने पाच वर्षं जातात. त्यामुळे एका वर्षी संशोधनाचा खर्च डोंगराएवढा आणि पुढच्या वर्षी एकदम निम्मा दिसतो. मी एका चांगल्या संस्थेवर यामुळे उगाच रागावले होते, 'खर्च निम्म्यावर आणला' म्हणून खरमरीत मेल पण लिहिला, आणि त्यांच्या हिशोबनीसाने फार सभ्यपणे मला हे समजावून सांगितलं. त्या दिवसापासून पाच वर्षांची सरासरी काढते. ताळेबंदात 'देय असलेली ग्रँट' म्हणून मोठी रक्कम दिसली तर तेही कर्ज बुडवलेलं नसतं, कबूल केलेले पुढचे हप्ते असतात ते.

तिसरा, बँकेत भरपूर पैसा दिसला म्हणून 'यांना कशाला द्यायचं'. तो पैसा बऱ्याचदा आधीच कबूल केलेला असतो. पण हो, कबूल केलेलं वजा करूनही अनेक वर्षं पुरेल इतकी गंगाजळी असेल आणि ग्रँट वाढत नसतील तर विचारा की का.

चौथा जरा उलटा आहे. कारभाराचा खर्च जितका कमी तितकी संस्था चांगली, असं नसतं. अर्ज नीट तपासायला माणसं लागतात, त्यांना पगार लागतो. कारभारावर शून्य खर्च दाखवणारी संशोधन संस्था बघितली की मला प्रश्न पडतो की अर्ज तपासतंय कोण?

५. पैसे कुणाला मिळणार हे कोण ठरवतं ते विचारा

चांगल्या संस्थेत साधारण असं चालतं: अर्ज मागवतात, ढोबळ छाननी होते, उरलेले अर्ज बाहेरच्या तज्ज्ञांकडे जातात, मग समिती बसते, क्रम लावते, आणि शेवटी विश्वस्त मंजुरी देतात. याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. समितीतल्या कुणाच्या विद्यापीठाचा किंवा जुन्या सहकाऱ्याचा अर्ज आला तर त्या सदस्याने खोलीबाहेर जायचं असतं. बरेचसे अर्ज नाकारले जातात, आणि ते चांगलंच लक्षण आहे.

ब्रिटनमध्ये वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या चॅरिटींची एएमआरसी म्हणून संघटना आहे, १९८७ पासून. तिची सदस्य व्हायचं तर पीअर रिव्ह्यूचे नियम पाळावे लागतात आणि दर काही वर्षांनी त्याची तपासणी होते, त्यामुळे सदस्यांची यादी बघितली की तुमचं निम्मं काम होतं. जिथे अशी संघटना नाही तिथे सरळ मेल करा आणि तीन प्रश्न विचारा: अर्ज कोण तपासतं, समितीची नावं जाहीर आहेत का, आणि विद्यापीठ ग्रँटमधून वरचा खर्च किती कापून घेतं.

हा तिसरा प्रश्न नीट समजून घ्या. विद्यापीठाला इमारत, वीज, लायब्ररी, कार्यालय यांचा खर्च असतो आणि ते प्रत्येक ग्रँटमधून त्याचा वाटा मागतं. बऱ्याच चॅरिटी तो देत नाहीत किंवा मर्यादा घालतात, फक्त संशोधनाचा थेट खर्च देतात, माणूस, रसायनं, उपकरणं वगैरे. तुम्ही परस्पर एखाद्या विद्यापीठाला देणगी दिलीत तर ही मर्यादा तुम्हाला मिळेलच असं नाही, म्हणून आधी लेखी विचारून घ्या.

मेलला उत्तर काय येतं यापेक्षा कसं येतं ते बघा. मला एका संस्थेकडून दोन दिवसांत समितीच्या नावांसकट उत्तर आलं होतं, आणि दुसरीकडून आला देणगीचा फॉर्म.

६. प्रत्यक्ष पैसे देताना

थोडक्यात सांगते. शक्यतो संस्थेच्या स्वतःच्या पेजवरून द्या, मधल्या प्लॅटफॉर्मवर फी कापली जाते. रस्त्यावर किंवा फोनवर मागणारे पुष्कळदा पगारी किंवा कमिशनवरचे असतात, त्यात गैर काही नाही, पण तिथल्या तिथे कार्ड काढू नका.

'फक्त संशोधनासाठी' असं लिहून दिलं की तो पैसा राखीव निधी होतो आणि संस्थेला दुसरीकडे वापरता येत नाही. हे जरूर लिहा. पण अमुक डॉक्टरच्या तमुक प्रकल्पालाच, इतकं बारीक बांधू नका. तो प्रकल्प बंद पडला, माणूस दुसऱ्या देशात गेला, की पैसा अडकतो आणि सोडवायला कायदेशीर उपद्व्याप होतात. 'रुमेटॉइडच्या संशोधनासाठी, ते शक्य नसल्यास संधिवाताच्या इतर संशोधनासाठी' असं लिहिलं की बास.

एकदम मोठी रक्कम की दरमहा थोडी? संस्थांना दरमहाची आवडते कारण पाच वर्षांच्या ग्रँट कबूल करायला त्यांना पुढचा अंदाज लागतो. मी दरमहा देते, तेवढंच जमतं पण.

टॅक्सची सवलत बहुतेकदा तुम्ही जिथे टॅक्स भरता तिथे मान्यता असलेल्या संस्थेलाच मिळते, परदेशी संस्थेला थेट दिलं तर सहसा मिळत नाही. ब्रिटनमध्ये टॅक्स भरणाऱ्याने गिफ्ट एडचा फॉर्म भरला की एका पाउंडमागे सरकारकडून संस्थेला आणखी २५ पेन्स मिळतात. इथला खड्डा: मित्रांकडून गोळा केलेले पैसे स्वतःच्या नावावर भरून गिफ्ट एड लावायचं नाही, ते फक्त तुमच्या स्वतःच्या पैशाला चालतं. पावती सांभाळा, त्यावर नोंदणी क्रमांक आहे ना बघा.

मृत्युपत्रातून द्यायचं असेल तर (संशोधन चॅरिटींच्या उत्पन्नात याचा वाटा फार मोठा असतो, लोकांना कल्पना नसते) नावासोबत नोंदणी क्रमांक लिहा, आणि 'संस्था विलीन झाली किंवा तिचं नाव बदललं तर तिचं काम पुढे चालवणाऱ्या संस्थेला' असं वाक्य वकिलाकडून घालून घ्या. वर नावं किती वेळा बदलली ते बघितलंच तुम्ही.

७. लांब पळा अशा ठिकाणांपासून

'संधिवात मुळासकट बरा करणारं संशोधन, फक्त निधीअभावी अडलंय.' हे वाक्य दिसलं की बंद करा.

चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडूनच फी घेतात ती ठिकाणं. गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन, नाव 'रिसर्च', आणि बिल तुम्हाला. धर्मादाय पैशावर चालणाऱ्या चांगल्या चाचणीत तुम्हाला औषधासाठी पैसे मागत नाहीत, उलट बऱ्याचदा येण्याजाण्याचा खर्च देतात. आता यात वाईट हे वाटतं की असे पैसे देणारे लोक मूर्ख नसतात, ते रात्रभर दुखण्याने जागलेले असतात.

शास्त्रज्ञाच्या खाजगी खात्यात पैसे मागणं. कितीही मोठा माणूस असो. विद्यापीठाचं किंवा संस्थेचं खातं असलंच पाहिजे.

'आज रात्रीपर्यंत द्या, दुप्पट होतील.' कधी कधी खरं असतं, कुणी मोठा दाता तशी अट घालतो. पण दाता कोण, मर्यादा किती, आणि लोकांनी दिलं नाही तरी तो देणारच आहे का, हे विचारा.

८. पैसे नसतील, किंवा पैशासोबत अजून काही द्यायचं असेल तर

हे माझ्या फार जवळचं आहे म्हणून जरा लांब लिहितेय, कंटाळा आला तर पुढे जा.

बऱ्याच संधिवात चॅरिटी अर्ज तपासणाऱ्या समितीत रुग्णांना घेतात. विज्ञानाची डिग्री लागत नाही. अर्ज, सोप्या भाषेतला सारांश आणि एक फॉर्म येतो. सारांश कळला का, हा प्रश्न आजार असलेल्या माणसाला महत्त्वाचा वाटतो का, भाग घेणाऱ्याला किती त्रास होईल, अशी प्रश्नावली असते. पहिल्यांदा मी घाबरून सगळीकडे 'उत्तम' लिहून टाकलं होतं. तसं करू नका, त्याचा कुणाला उपयोग नाही.

दुसऱ्या वेळी एक अर्ज आला, हातांच्या पकडीची ताकद मोजायची होती, आणि वेळ दिली होती सकाळी आठची. सकाळी आठ! ज्यांची बोटं दहापर्यंत उघडत नाहीत त्यांना आठ वाजता हॉस्पिटलात बोलावून मूठ आवळायला सांगणार, आणि शर्टाची बटणं लावून निघायचं म्हणजे त्यांना सहाला उठावं लागणार. समितीत सहा प्राध्यापक होते, आकडेमोड त्यांनी दोनदा तपासली होती, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी लिहिलं की अकरानंतर ठेवा, किंवा सकाळचा कडकपणाच मोजायचा असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि यंत्र घरी द्या. ते बदललं त्यांनी.

हे माझ्या एकटीचं कौतुक नाही. संधिवाताच्या चाचण्यांत काय मोजायचं हे ठरवणारी ओमेरॅक्ट नावाची आंतरराष्ट्रीय मंडळी आहेत, त्यांनी २००२ च्या परिषदेत रुग्णांना चर्चेला बसवलं. रुग्ण म्हणाले तुम्ही सुजलेले सांधे मोजता, दुखणं मोजता, पण आम्हाला जो थकवा येतो तो कुठे आहे तुमच्या यादीत? नव्हताच. त्यानंतर थकव्याकडे संशोधकांचं लक्ष गेलं. ज्याला हा आजार आहे तो ऐकूनच हसेल, थकवा नाही म्हणे यादीत.

अर्ज कसा करायचा: संस्थेच्या साइटवर रुग्ण सहभाग किंवा स्वयंसेवक असा विभाग शोधा, आजाराचा अनुभव साध्या शब्दांत लिहा, आणि आठवड्याला किती वेळ देता येईल ते खरं लिहा, भडक्याच्या काळात (आजार अचानक उसळतो तेव्हा) काम जमणार नाही हेही लिहून टाका. एका फेरीत मोठाले अर्ज येतात, स्क्रीनवर वाचायला त्रास होत असेल तर छापील मागा, द्यायला कुणी नाही म्हणत नाही.

याशिवाय नमुने देता येतात. ऑपरेशन होणार असेल तर काढलेला भाग संशोधनाला देता येईल का हे आधी विचारा, ऐन वेळी विचारलं तर संमतीचे कागद होत नाहीत.

९. दिल्यानंतर मागोवा घ्या

इथवर कुणी येत नाही, पण मला यातच मजा येते. संस्थेच्या यादीतून तुम्हाला आवडलेल्या दोन तीन प्रकल्पांचे ग्रँट क्रमांक वहीत उतरवून ठेवा. युरोप पीएमसी नावाची संशोधनाच्या पेपरांची फुकट साइट आहे, तिथे ग्रँट शोधायची वेगळी सोय आहे, क्रमांक किंवा शास्त्रज्ञाचं नाव टाकलं की त्या पैशातून कुठले पेपर निघाले ते दिसतं. पेपरच्या शेवटी आभाराच्या परिच्छेदात संस्थेचं नाव आणि क्रमांक छापलेला असतो, पहिल्यांदा दिसला तेव्हा मी फोटो काढून घरी सगळ्यांना पाठवला होता.

चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक घ्या, क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह किंवा आयएसआरसीटीएन या रजिस्टरमध्ये बघा. तिथे सुरू कधी झाली, किती लोक घ्यायचे होते, मुख्य काय मोजणार होते हे आधीच लिहिलेलं असतं. निकाल आला की ते शेजारी ठेवून बघा, मोजायचं एक ठरवलं होतं आणि छापलं दुसरंच असं झालंय का. संपल्यावर दोन वर्षं उलटूनही काही छापलं नसेल तर संस्थेला मेल करा, ग्रँट क्रमांक आणि चाचणीचा क्रमांक दोन्ही टाकून, आणि तक्रारीचा सूर न लावता फक्त 'निकाल कधी अपेक्षित आहे' एवढंच विचारा. क्रमांक टाकला की मेल फिरत बसत नाही, थेट ग्रँट बघणाऱ्या माणसाकडे जातो.

आणि ग्रँट क्रमांक शोधताना मधली रिकामी जागा, पुढचं शून्य काढून पण एकदा बघा. मी एका प्रकल्पाचं वर्षभर 'काहीच निघालं नाही' समजून बसले होते, शून्य काढल्यावर चार पेपर निघाले.